एम्डेनचा कप्तान कार्ल फॉन म्युलर : समुद्रावर केव्हा ऐकावे, केव्हा बोलावे

चेन्नई : मैलापूरच्या किनाऱ्यावर आज उभे असलेले लाल-पांढरे दीपगृह १९७७ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी अनेक वर्षे या शहराचा दिवा येथून सुमारे ५ किलोमीटर उत्तरेस, उच्च न्यायालयाच्या इमारतीवरील उंच घुमटात तेवत असे. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्रीही तो तेवत होता. युरोपात महायुद्ध सुरू होऊन सात आठवडे झाले होते, परंतु मद्रासने दिवे मालवण्याची तसदी घेतली नव्हती. त्याच दिव्याच्या अनुरोधाने ‘एम्डेन’ ही जर्मन क्रूझर रात्री साडेनऊच्या सुमारास बंदरासमोर येऊन थांबली. तिने शोधदिवे लावले आणि अवघ्या दहा मिनिटांत सव्वाशेच्या आसपास तोफगोळे डागले. बर्मा ऑइल कंपनीच्या तेलटाक्या पेटल्या. बंदरातील ‘चुप्रा’ या व्यापारी जहाजावर गोळे पडले. पाच माणसे मृत्युमुखी पडली.

मैलापूर ही त्या काळी उच्च न्यायालयातील नामवंत वकिलांची वस्ती होती. न्यायालयाच्या कुंपणभिंतीवर गोळा आदळल्याची खूण सांगणारी पाटी आजही तेथे आहे. मैलापूरच्याच किनाऱ्यावर मुलींचे महाविद्यालय, पुढचे क्वीन मेरीज कॉलेज, जुलै महिन्यात नुकतेच सुरू झाले होते. पुढील काही दिवस हजारो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. साम्राज्याचा समुद्र सुरक्षित आहे हा समज एका रात्रीत ढासळला. तमिळ भाषेला मात्र एक नवा शब्द मिळाला : धूर्त, धाडसी, कोणाला न जुमानणाऱ्या माणसाला तेथे अजूनही ‘एम्डन’ म्हणतात.

ज्याच्या आज्ञेने ते गोळे सुटले त्या कार्ल फॉन म्युलरचे नाव मात्र त्याच्या जहाजाच्या नावामागे झाकले गेले. त्याच्या पराक्रमाच्या कथा पुष्कळांनी सांगितल्या आहेत. त्याचे यश आणि त्याचा नाश ही दोन्ही एकाच यंत्राशी, बिनतारी संदेशयंत्राशी, बांधलेली होती, ही बाजू त्या कथांत सहसा येत नाही. आज शिडाच्या छोट्या बोटीवरचा हौशी नाविकदेखील हातात मावणारा रेडिओ घेऊन समुद्रात उतरतो. तो निवडताना त्याच्यासमोर जे प्रश्न उभे राहतात, त्यांपैकी बरेचसे म्युलरसमोर फार कठोर स्वरूपात उभे होते.

म्युलरचा जन्म १६ जून १८७३ रोजी हानोव्हर येथे झाला. वडील लष्करात कर्नल होते. मुलाने भूदलाऐवजी १८९१ मध्ये नौदलाचा मार्ग धरला. तरुणपणी ‘श्वाल्बे’ या तोफनौकेवर असताना जर्मन पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याला मलेरियाने गाठले आणि त्या तापाने त्याची पाठ जन्मभर सोडली नाही. पुढे बर्लिनमध्ये अॅडमिरल टिर्पिट्झच्या हाताखाली त्याने कार्यालयीन काम केले. मितभाषी, एकलकोंडा, चारचौघांत काहीसा संकोची अशी त्याची ख्याती होती. १९१३ मध्ये त्याच्याकडे ‘एम्डेन’ आली. ती चीनच्या किनाऱ्यावरील त्सिंगताव या जर्मन तळावर असे. त्याच वर्षी यांगत्से नदीवर बंडखोरांच्या किल्ल्यांवर केलेल्या माऱ्यामुळे वरिष्ठांचे त्याच्याकडे लक्ष गेले. जहाज मात्र तसे साधेच होते. सुमारे साडेतीन हजार टनांचे, तीन धुराड्यांचे, जुन्या पद्धतीच्या वाफेच्या इंजिनांवर चालणारे. तोफाही अवघ्या साडेदहा सेंटिमीटर तोंडाच्या.

ऑगस्ट १९१४ मध्ये अॅडमिरल ग्राफ श्पे याने आपला जर्मन ताफा प्रशांत महासागरातील पागान बेटापाशी गोळा केला आणि दक्षिण अमेरिकेकडे जायचे ठरवले. म्युलरने तेथे वेगळे मत मांडले. एवढ्या ताफ्याला वाटेत कोळसा पुरणार नाही. निदान एक हलकी क्रूझर हिंदी महासागरात पाठवावी, असे त्याचे म्हणणे होते. श्पेने ते मान्य केले आणि ते काम म्युलरवरच सोपवले. ‘मार्कोमानिया’ हे कोळशाचे जहाज सोबत घेऊन ‘एम्डेन’ निघाली. पुढे तिला ना तळ होता, ना मित्रबंदर, ना दुरुस्तीची सोय.

त्या काळातील समुद्री संदेशव्यवहार कसा होता, हे लक्षात घेतल्याशिवाय म्युलरची चाल समजत नाही. १९१२ च्या ‘टायटॅनिक’ दुर्घटनेनंतर बिनतारी यंत्राचे महत्त्व जगाला पटले होते. जानेवारी १९१४ मध्ये लंडनमध्ये जहाजांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करारही झाला, पण महायुद्धामुळे तो अमलात आला नाही. मोठी प्रवासी जहाजे आणि युद्धनौका सोडल्या, तर हिंदी महासागरातील बहुसंख्य मालवाहू जहाजे तेव्हा मुकी आणि बहिरी होती. ज्यांच्याकडे यंत्र होते त्यांचा आवाज मैलोगणिक पसरे आणि तो कोण ऐकतो आहे हे बोलणाऱ्याला कळत नसे. संदेश पुष्कळदा साध्या भाषेत जात. सांकेतिक असला, तरी आवाज जवळचा आहे की दूरचा हे त्याच्या जोरावरून अनुभवी कानाला ओळखता येई.

म्युलरने आपल्या यंत्रचालकांना दिवसरात्र ऐकायला बसवले आणि बोलायला जवळजवळ बंदी केली. सुमात्राच्या किनाऱ्याजवळ असताना ‘हॅम्पशायर’ या ब्रिटिश क्रूझरचे संकेत त्यांच्या कानी इतके ठळक आले की ती फार दूर नाही हे उघड झाले. म्युलरने गपचूप वाट बदलली. पकडलेल्या जहाजांवर सापडणारी वर्तमानपत्रे आणि हवेतून झिरपणारे हे संदेश, याच त्याच्या बातम्या. शिवाय डोळ्यांना फसवण्यासाठी त्याने कॅनव्हासचे खोटे चौथे धुराडे उभारून घेतले होते, म्हणजे लांबून ती ब्रिटिश क्रूझर वाटावी.

१० सप्टेंबरपासून बंगालच्या उपसागरात एकेक जहाज नाहीसे होऊ लागले. पहिले सापडले ते ‘पोंटोपोरोस’ हे ग्रीक जहाज. ते कलकत्त्याहून मुंबईकडे कोळसा घेऊन निघाले होते. भारतीय खाणींतला, इंग्रजांसाठी निघालेला हा कोळसा जर्मन भट्टीसाठी राखला गेला. पाठोपाठ ‘इंडस’ आणि ‘लोव्हॅट’ ही दोन जहाजे आली. मुंबईत सैनिक भरून घेण्यासाठी ती निघाली होती. मुंबईच्या गोदीत त्यांची वाट पाहिली जात असताना ती समुद्रतळी गेली. ‘इंडस’वर साबणाचा मोठा साठा होता आणि ‘एम्डेन’वर नेमकी त्याचीच टंचाई होती, हा तपशील खलाशांच्या आठवणींत आवर्जून येतो. युद्धाच्या कथेत साबणाला जागा मिळावी, हे त्या मोहिमेच्या स्वभावाला धरून आहे.

जहाज बुडवण्याआधी त्यावरील माणसे उतरवून घ्यायची, हा म्युलरचा शिरस्ता होता. ‘काबिंगा’ या जहाजावर कप्तानाची पत्नी आणि मूल होते. ते जहाज त्याने बुडवले नाही, गोळा झालेले सारे कैदी त्यावर चढवून सोडून दिले. परंतु उदारपणाची किंमतही त्याला मोजावी लागली. ‘लोरेडानो’ हे इटालियन जहाज तटस्थ देशाचे म्हणून त्याने जाऊ दिले. त्याच्या कप्तानाने वाटेत भेटलेल्या दुसऱ्या जहाजाला हकिकत सांगितली आणि त्या जहाजाच्या बिनतारी यंत्रावरून ती किनाऱ्याला पोहोचली. उपसागरातली वाहतूक थांबली, विम्याचे दर चढले. एवढ्या सावध माणसाचे गुपित एका दुसऱ्याच यंत्राच्या बोलण्याने फुटले होते.

मद्रासवरचा हल्ला या पार्श्वभूमीवर झाला. तेलटाक्यांचे नुकसान मोठे होते, तरी खरा हेतू वेगळा होता : ब्रिटिश सत्तेचा दरारा भारतीय जनतेच्या डोळ्यांदेखत उणा करणे. किनाऱ्यावरील तोफांनी उत्तर दिले, पण एकही गोळा ‘एम्डेन’ला लागला नाही. जाताना एका बाजूचे दिवे लावून ती उत्तरेकडे निघाल्याचा आभास म्युलरने निर्माण केला, मग अंधार करून दक्षिणेकडे वळला. भारतात या घटनेभोवती एक आख्यायिकाही रुजली. तिरुवनंतपुरमचे क्रांतिकारक चंपकरामन पिल्लै या जहाजावर होते, अशी. पिल्लै त्या काळात युरोपात होते, तेव्हा ती आख्यायिकाच मानली पाहिजे. लोकांना आपल्यातला कोणीतरी त्या जहाजावर असावा असे वाटले, यातले दुःख आणि अभिमान मात्र खरा होता. मृत पाच जणांची आठवण या कौतुकात फारशी कोणी ठेवली नाही, हेही नमूद करायला हवे.

त्यानंतर श्रीलंकेच्या आसपास आणखी जहाजे पकडली गेली. ऑक्टोबरमध्ये म्युलर दिएगो गार्सिया बेटावर थांबला तेव्हा तेथील रहिवाशांना युद्ध सुरू झाल्याचे ठाऊकही नव्हते. तेथे ना तार होती ना बिनतारी. त्यांनी पाहुण्यांचे स्वागत केले. २८ ऑक्टोबरला पेनांग बंदरात शिरून त्याने ‘झेमचुग’ ही रशियन क्रूझर आणि नंतर ‘मुस्के’ ही फ्रेंच विनाशिका बुडवली. तोवर पकडलेल्या व्यापारी जहाजांची संख्या दोन डझनांच्या जवळ गेली होती आणि अनेक देशांच्या युद्धनौका या एका जहाजाच्या शोधात गुंतल्या होत्या.

९ नोव्हेंबर १९१४ ची सकाळ. हिंदी महासागरातील कोकोस बेटांपैकी डायरेक्शन बेटावर ब्रिटिशांचे तार आणि बिनतारी केंद्र होते. ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि आग्नेय आशिया यांना जोडणाऱ्या समुद्री तारा तेथे एकत्र येत. ते केंद्र मोडायचे म्युलरने ठरवले. येथे त्याच्या शिस्तीला पहिल्यांदा तडा गेला. पकडलेले ‘ब्युरेस्क’ हे कोळशाचे जहाज जवळ बोलावण्यासाठी ‘एम्डेन’ने बिनतारीवर साद घातली. बेटावरील केंद्राने ती अनोळखी हाक ऐकली. पाठोपाठ चार धुराड्यांचे जहाज दिसले. त्यातले एक कापडी आहे, हेही कर्मचाऱ्यांनी ओळखले. केंद्राने ताबडतोब मदतीची हाक प्रसारित केली. ‘एम्डेन’ने आपल्या लहरींनी ती बुजवण्याचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता.

दूरवरून आलेले उत्तर म्युलरच्या यंत्रचालकांनीही ऐकले. संकेत क्षीण होता, म्हणून ते जहाज २०० मैलांपलीकडे असावे असा त्यांनी अंदाज केला. आवाजाच्या जोरावरून अंतर ओळखण्याची जी हातोटी सुमात्रापाशी तारून गेली, तीच येथे बुडवणारी ठरली. ऑस्ट्रेलियन सैनिकांना नेणारा ताफा त्याच समुद्रातून, ५० सागरी मैलांच्या आसपास, चालला होता. त्यातून ‘सिडनी’ ही क्रूझर निघाली होती.

इकडे लेफ्टनंट हेलमुट फॉन म्यूके सुमारे ५० माणसांसह बेटावर उतरला होता. त्याने यंत्रे फोडली, तार कापली, बिनतारीचा खांब पाडला. पाडताना टेनिसच्या मैदानाचे नुकसान होऊ नये, ही कर्मचाऱ्यांची विनंतीही मानली. तेवढ्यात ‘एम्डेन’चा भोंगा वाजू लागला. परत या, ही खूण होती. जहाजावर निशाणे चढली, नांगर उचलला गेला. म्यूकेची माणसे बोटींत बसून निघेपर्यंत जहाज वेगाने दूर गेले होते. सर्व जगाशी बोलू शकणारी यंत्रणा ज्या जहाजावर होती, त्याला अगदी डोळ्यांसमोरच्या आपल्या बोटीशी बोलायला भोंग्याखेरीज काही नव्हते. कारण बिनतारी यंत्र तेव्हा एक अख्खी खोली व्यापत असे; ते बोटीत नेण्याची कल्पनाही शक्य नव्हती.

‘सिडनी’च्या सहा इंची तोफांपुढे ‘एम्डेन’चा टिकाव लागला नाही. म्युलरने शेवटी जळते, मोडलेले जहाज नॉर्थ कीलिंग बेटाच्या प्रवाळावर चढवले. त्याचे १३० हून अधिक खलाशी मेले, ‘सिडनी’वर चार.

म्यूकेने बेटावरील ‘आयेशा’ हे खोबरे वाहणारे शिडाचे गलबत ताब्यात घेतले आणि त्याच संध्याकाळी, शत्रू परतण्याआधी, समुद्र गाठला. अवघे ९७ टनांचे, तीन डोलकाठ्यांचे, गळके गलबत. चार मशीनगन आणि ५० माणसे. पिण्याचे पाणी नासले तेव्हा शिडांत पावसाचे पाणी धरले. बिनतारी नव्हतीच. पाडांग बंदरातून २८ नोव्हेंबरला बाहेर पडल्यावर त्यांना ‘चॉइसिंग’ हे जर्मन मालवाहू जहाज भेटायचे होते, पण ते सापडेपर्यंत १४ डिसेंबर उजाडला. खराब हवेत, पावसाच्या पडद्याआड, क्षितिजाकडे डोळे लावून दोन आठवड्यांहून अधिक काळ.

आज अशा गलबताच्या नाविकाच्या खिशात काय असते? १९११ पासून चालत आलेल्या रॉयल मद्रास यॉट क्लबच्या शिडाच्या बोटी मद्रास बंदरातून निघतात आणि मैलापूरच्या दीपगृहाखालच्या नोच्चिकुप्पम वस्तीतले मच्छीमार पहाटे वाळूवरून बोटी ढकलतात. या लहान बोटींसाठी बनलेला हातातला व्हीएचएफ रेडिओ, कोकणातले मच्छीमार ज्याला नुसते ‘वायरलेस’ म्हणतात, तो पाच-सहा वॉटचा असतो. बोटीत कायम बसवलेला संच २५ वॉटचा. परंतु खरा फरक उंचीचा असतो. या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात, पृथ्वीच्या वळणाआड फारशा पोहोचत नाहीत. त्यामुळे एका बोटीतून दुसऱ्या बोटीशी हातातल्या संचाने काही मैलांपर्यंतच बोलता येते. डोलकाठीच्या टोकावर अँटेना असलेला कायम संच त्याहून बराच दूर जातो. म्हणून हा छोटा संच मोठ्याची जागा घेत नाही. वीज गेली, डोलकाठी मोडली, बोट सोडून तराफ्यात उतरावे लागले, किंवा म्यूकेप्रमाणे माणसे किनाऱ्यावर आणि जहाज खोल पाण्यात असले, तर तो कामाला येतो.

निवडताना नाविक वॉटच्या आकड्यापेक्षा इतर गोष्टी पाहतात, आणि ते योग्यच आहे. संच पाण्यात पडला तर तरंगतो का? मीटरभर पाण्यात अर्धा तास राहून चालतो का? चार्ज संपल्यावर साधे सेल घालता येतात का? ओल्या, गारठलेल्या बोटांना त्याच्या कळा सापडतात का? मोठ्या आवाजाच्या वाऱ्यात ऐकू येते का? काही संचांत उपग्रहावरून स्थान घेणारी यंत्रणा असते आणि लाल कळ दाबली की जहाजाच्या ओळखक्रमांकासह त्याचे स्थान आसपासच्या सर्व नौकांना कळते. भारतात असा संच वापरायला दूरसंचार खात्याचा परवाना लागतो, हे विकत घेण्यापूर्वीच ठाऊक असलेले बरे. आणि संकटाची हाक ज्यावर द्यायची, ऐकायची, तो १६ क्रमांकाचा चॅनल सतत ऐकत राहावा लागतो.

‘आयेशा’वर असा एखादा संच असता तर ‘चॉइसिंग’ची भेट काही तासांत झाली असती असे वाटते. तथापि म्यूकेने तो लावला असता का, याची शंका आहे. त्याच पाण्यात त्याला शोधणारी जहाजेही होती, आणि लाल कळ दाबल्यावर कोण येईल हे ती कळ सांगत नाही. शांततेच्या काळात ही भीती नाही. आज समुद्रात ऐकणारा कान बहुतेक वेळा मदतीचा असतो. तेव्हा तो मारणाऱ्याचा होता.

‘चॉइसिंग’वरून म्यूकेचा गट जानेवारी १९१५ मध्ये अरबस्तानातील होदेइदा येथे पोहोचला, वाळवंटात टोळ्यांशी लढत हेजाझ रेल्वे गाठून मे महिन्यात कॉन्स्टँटिनोपलला गेला. म्युलर तेव्हा माल्टा बेटावर कैदेत होता. शत्रुराष्ट्राच्या वृत्तपत्रांनीही त्याच्या सभ्य युद्धपद्धतीची स्तुती केली होती, परंतु कैद ती कैदच. १९१६ मध्ये त्याला इंग्लंडमध्ये हलवण्यात आले. १९१७ मध्ये सटन बोनिंग्टन येथील छावणीतून तो भुयारी मार्गाने २१ सहकाऱ्यांसह निसटला आणि लवकरच पकडला गेला. जुना मलेरिया पुन्हा उसळला. प्रकृतीच्या कारणाने १९१८ मध्ये त्याला नेदरलँड्सला पाठवण्यात आले, आणि युद्ध संपण्याच्या सुमारास तो मायदेशी परतला. जर्मनीचे सर्वोच्च लष्करी पदक त्याला मिळाले. १९१९ मध्ये त्याने सेवा सोडली, १९२० मध्ये लग्न केले, दोन मुली झाल्या. ब्राउनश्वाइगच्या प्रांतिक विधिमंडळावर तो निवडूनही गेला.

म्यूकेने ‘एम्डेन’ आणि ‘आयेशा’ यांवर पुस्तके लिहिली, ती खूप खपली. म्युलरकडेही प्रकाशक आले. त्याने नकार दिला. सोबत्यांच्या रक्तावर पैसे मिळवणे त्याला मान्य नव्हते, असे सांगतात. ११ मार्च १९२३ रोजी, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, तो ब्लांकेनबुर्ग येथे वारला. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने पहिला कार्यक्रम प्रसारित केला. पुढच्या वर्षी, ३१ जुलै १९२४ रोजी, मद्रासच्या हौशी मंडळींनीही आपले छोटे प्रक्षेपण सुरू केले.